डेटाबेसचे सोंग

पायथन भाषेची ३.५ ही आवृत्ती २०१५ साली आली. तिच्यात एक अशी दुरुस्ती होती की वाचून हसावे की कपाळाला हात लावावा ते कळत नाही. पायथनसोबत मिळणाऱ्या मॉक लायब्ररीला त्या आवृत्तीपासून टायपिंगची एक चूक ओळखता येऊ लागली. टेस्ट लिहिणाऱ्याने घाईत 'असर्ट'च्या जागी 'अस्रेट' लिहिले तर ती आता अडवते. आधी अडवत नव्हती. मॉक म्हणजे टेस्टमध्ये खऱ्या वस्तूच्या जागी बसवलेला तोतया, मुळातच कशालाही नाही न म्हणणारी वस्तू. तिच्यावर नसलेली मेथड बोलावली तरी ती मुकाट चालते आणि हातात आणखी एक मॉक ठेवते. 'असर्ट कॉल्ड वन्स' ही तपासणी तर त्या लायब्ररीत अस्तित्वातच नव्हती, तरी लोक ती लिहीत होते. ओळ चालायची, टेस्ट हिरवी व्हायची, तपासले काहीच जायचे नाही. पुढे ३.६ मध्ये ती मेथड खरोखरच घालण्यात आली. लोक वापरतच आहेत तर असू द्या, अशा थाटात.

ही नुसती टायपिंगची गंमत नाही. तुम्ही सांगाल ते खरे, हा मॉकचा स्वभावच आहे. काही ठिकाणी तो फार उपयोगी पडतो. पण वेब अ‍ॅप्लिकेशनच्या मॉडेल क्लासच्या जागी मॉक बसवला की टेस्टमधला जीवच जातो. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: मॉडेल मॉक करू नका. 'शक्यतो', 'प्रसंगानुसार' अशी कुंपणे मी त्याला घालत नाही. अपवाद आहेत, ते पुढे येतील, पण ते बोटांवर मोजण्याइतके आहेत.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. रेल्स, जँगो, लाराव्हेल यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलासाठी एक क्लास असतो, तोच मॉडेल. टेबलातली एक ओळ म्हणजे त्या क्लासची एक वस्तू. ओळ शोधायची, बदलायची, जतन करायची ती या क्लासमार्फतच. मार्टिन फाउलर यांनी २००२च्या आपल्या पुस्तकात या रचनेला 'अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड' असे नाव दिले, आणि २००४ साली आलेल्या रेल्सने ती घरोघरी नेली. आता अशा क्लासचा वापर करणाऱ्या कोडची युनिट टेस्ट लिहायची तर दोन वाटा दिसतात. एक तर टेस्टसाठी खराखुरा डेटाबेस ठेवायचा, नाहीतर मॉडेलच्या जागी मॉक बसवायचा आणि डेटाबेस मुळीच न लागता टेस्ट चालवायची. दुसरी वाट झटपट वाटते, नीटनेटकी वाटते, आणि मुलाखतीत सांगायलाही बरी वाटते.

एक उदाहरण घेऊ. गृहनिर्माण सोसायटीच्या मेंटेनन्सची बिले सांभाळणारे जँगोमधले अ‍ॅप्लिकेशन आहे. रोज रात्री एक फंक्शन चालते. ज्यांची मुदत उलटून गेली आहे अशी न भरलेली बिले ते काढते आणि त्या सभासदांना स्मरणपत्र पाठवते. मॉकवाला टेस्ट लिहितो ती अशी: बिल मॉडेलचा 'फिल्टर' बोलावला की ही दोन खोटी बिले परत दे, मग फंक्शन चालव, मग दोन ईमेल गेल्या का ते पाहा. टेस्ट हिरवी. आता कोडमध्ये 'मुदत आजच्या आधीची' याच्या जागी चुकून 'मुदत आजच्या नंतरची' असे लिहा. टेस्ट हिरवीच. न भरल्याची नोंद ठेवणाऱ्या रकान्याचे नाव मॉडेलमध्ये बदला आणि या फंक्शनमध्ये जुनेच राहू द्या. तरीही हिरवी. प्रॉडक्शनला मात्र पहिल्याच रात्री एरर येईल. आणि पहिली चूक तर एररसुद्धा देणार नाही. वेळेवर पैसे भरणाऱ्यांना, ज्यांची मुदत अजून यायची आहे त्यांना, पत्रे जातील आणि थकबाकीदार निवांत झोपतील.

या फंक्शनमध्ये काम होते ते एकच: योग्य बिले निवडणे. बाकी सगळा ईमेलचा फापटपसारा. आणि नेमकी तीच निवड मॉकने टेस्टच्या बाहेर काढली. जे तपासायचे होते ते गृहीत धरले, आणि जे आपोआपच बरोबर होते ते तपासले.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. कोणीतरी तेच फंक्शन सुधारून लिहिते. आधी फिल्टर, मग एक्सक्लूड, मग ऑर्डर बाय अशी साखळी होती, ती एकाच फिल्टरमध्ये आणते. निकाल तोच, बिले तीच. पण टेस्ट फुटते, कारण तिच्यात ती साखळी कडीला कडी जोडून उतरवलेली असते. म्हणजे वागणूक बिघडली तेव्हा टेस्ट गप्प, आणि वागणूक जशीच्या तशी असताना टेस्टचा आरडाओरडा. अशा टेस्ट शेकड्यांनी साठल्या की टीममधले लोक टेस्ट फुटली की कोड पाहणे सोडून देतात आणि मॉकच दुरुस्त करत बसतात. पुण्यात हिंजवडीला काय किंवा बंगळुरूला काय, कोड रिव्ह्यूमध्ये 'टेस्ट अपडेट केल्या' एवढ्याच मजकुराचा बदल कितीदा मंजूर होतो ते त्या क्षेत्रातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मॉकची कल्पना ज्यांनी मांडली त्यांना हे अपेक्षित होते का? अजिबात नाही. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली सार्डिनियातल्या काल्यारी शहरात भरलेल्या परिषदेत मॉक ऑब्जेक्टवरचा निबंध मांडला. ही लंडनमधली मंडळी. त्यांच्या दृष्टीने मॉक हे आधी रचनेचे साधन होते आणि मग तपासणीचे. एक वस्तू लिहीत असताना तिला शेजारच्या वस्तूकडून काय हवे आहे ते मॉकने ठरवायचे आणि तो शेजारी नंतर बांधायचा. २००४ साली त्यांच्याच गटाने दुसरा निबंध लिहिला. त्यात एक नियम ठळकपणे होता: जे प्रकार तुमच्या मालकीचे आहेत तेवढेच मॉक करा. दुसऱ्याच्या लायब्ररीचे मॉक करू नका, कारण ती कशी वागते याची तुम्हाला फक्त समजूत असते, आणि मॉक त्या समजुतीचीच नक्कल करतो.

आता बिलाचे मॉडेल कोणाच्या मालकीचे? फाइल तुमची, नाव तुमचे, रकाने तुमचे. पण फिल्टर, सेव्ह, डिलीट, रकान्यांचे रूपांतर, नाती सांभाळणे, हे सगळे फ्रेमवर्ककडून वारशाने आलेले. आणि त्याच्याही खाली डेटाबेस बसलेला. मॉक करताना लोक नेमक्या या वारशाच्या मेथड मॉक करतात. म्हणजे लंडनच्या मंडळींचा नियम त्यांच्याच शब्दांत लावला तरी मॉडेल मॉक करणे बसत नाही. मॉकचे कट्टर विरोधक काय म्हणतात ते बाजूलाच राहू द्या.

मग ही सवय आली कुठून? मला वाटते, भाषेच्या सैलपणातून. जावामध्ये स्टॅटिक मेथड मॉक करणे सरळ जमत नसे. मॉकिटो या लोकप्रिय लायब्ररीत ती सोय २०२० साली, ३.४ आवृत्तीत आली. तोवर जावावाल्याला डेटाबेसपासून टेस्ट तोडायची तर मुकाट्याने मध्ये एक इंटरफेस घालावा लागे, आणि मॉक व्हायचा तो इंटरफेस. कटकट होती, पण त्या कटकटीमुळे विचार करावा लागे. रुबी आणि पायथनमध्ये चालू प्रोग्रॅममधला कोणताही क्लास एका ओळीत बदलून टाकता येतो. पायथनमध्ये 'पॅच' लिहिले की झाले. रचना कितीही गुंतागुंतीची असो, टेस्टला ती बोचतच नाही. टेस्ट लिहिताना होणारा त्रास हा कोडच्या रचनेबद्दलचा निरोप असतो. पॅचने तो निरोप्याच हाकलून दिला. पीएचपीमध्ये मॉकरी या लायब्ररीने लाराव्हेलचे मॉडेल टोपणनावाखाली मॉक करायचे तर खरा क्लास त्याआधी लोड झालेला असून चालत नाही, म्हणून ती टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावी लागते. इतकी कसरत करावी लागत असेल तर कोड काहीतरी सांगतो आहे, ते ऐकावे की नाही?

रुबीच्या जगाने हे काही प्रमाणात ऐकले. आरस्पेक या टेस्टच्या लायब्ररीत मॉडेलची नक्कल उभी करण्यासाठी 'मॉक मॉडेल' नावाची खास सोय होती. २०१४ साली आरस्पेक ३ आले तेव्हा ती मुख्य संचातून काढून वेगळ्या जेममध्ये ठेवली गेली, आणि त्याच आवृत्तीत खऱ्या क्लासवर ती मेथड आहे का हे पडताळून पाहणारे डबल, म्हणजे तोतये, आले. पायथनमध्येही 'ऑटोस्पेक' आहे. दोन्ही चांगल्या गोष्टी. मॉक करायचाच तर निदान असा करा. पण या पडताळणीने मेथडचे नाव आणि तिला द्यायची आर्ग्युमेंट तपासली जातात. 'फिल्टर' नावाची मेथड आहे एवढे कळते; तिला दिलेली अट बरोबर आहे का ते नाही. आपल्या सोसायटीची चूक जशीच्या तशी राहते.

आता सगळ्यात रसाळ भागाकडे येतो: डेटाबेस प्रत्यक्षात काय करतो. मॉकवाल्यांची एक मूक समजूत असते की डेटाबेस म्हणजे एक मोठी यादी, आणि तिच्यातून हवे ते निवडून येते. तसे नसते. एसक्यूएलमधला 'नल' घ्या. रेल्समध्ये 'स्थिती भरलेली नाही अशी बिले' मागितली, म्हणजे 'व्हेअर नॉट' वापरले, तर ज्या ओळींत स्थिती रिकामी, नल आहे, त्या ओळी गळतात. कारण एसक्यूएलच्या तर्कात नल आणि 'भरलेले' यांची तुलना ना खरी ना खोटी. जँगोमध्ये हेच 'एक्सक्लूड'ने मागितले तर फ्रेमवर्क नलची अट स्वतःहून घालते आणि त्या ओळी हाती येतात. प्रश्न एकच, फ्रेमवर्क दोन, उत्तरे दोन. दोन्हीकडे काम केलेल्या माणसाच्या डोक्यात हे गडबडणारच. खऱ्या टेबलात एक नल असलेली ओळ घालून टेस्ट लिहिली तर क्षणात कळेल. मॉकला विचारले तर तो म्हणेल, तुम्ही सांगाल तसे.

रेल्समधली 'युनिकनेस' तपासणीही तशीच. ती आधी टेबलात शोधते आणि मग नवी ओळ घालते. त्या दोन क्षणांच्या मधे दुसऱ्या विनंतीने तीच ओळ घातली तर दोन ओळी होतात. म्हणून डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स लावा, असे रेल्सची माहितीपुस्तिकाच सांगते. तो इंडेक्स खरोखर आहे का, हे मॉडेलचा मॉक कसा सांगणार?

मराठीत डेटा ठेवणाऱ्यांसाठी तर यात आणखी खड्डे आहेत. 'कऱ्हाड' हे गावाचे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक तऱ्हा म्हणजे त्या 'ऱ'चा स्वतंत्र कोड वापरून. दुसरी म्हणजे साधा 'र', हलन्त आणि मधे न दिसणारे एक जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. शोध घेणाऱ्याचा कीबोर्ड एक आणि नोंद करणाऱ्याचा दुसरा असेल तर कऱ्हाड शाखा सापडणार नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही कऱ्हाडच्या दोन शाखा आनंदाने नांदतील. तीच गत लांबीची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात युनिकोडची ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. ओरॅकलमध्ये लांबीचे एकक मुद्दाम बदलले नसेल तर ते बाइट असते, त्यामुळे ३०चा रकाना या एका शब्दालाही पुरत नाही. अर्थात, खरा डेटाबेस ठेवूनही टेस्टमधली सगळी माणसे 'जॉन' आणि 'जेन' असतील तर यातले काहीच उघड होणार नाही. खरा डेटाबेस फक्त विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो. पण मॉकला तर प्रश्न विचारताच येत नाही.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. डेटाबेस त्याच जातीचा आहे. म्हणूनच टेस्टपुरता एसक्यूलाइट आणि प्रॉडक्शनला पोस्टग्रेस, ही लोकप्रिय तडजोडही मला फारशी पटत नाही. एसक्यूलाइट उत्तम डेटाबेस आहे, पण तो वेगळा डेटाबेस आहे. २० अक्षरांच्या रकान्यात ३०० अक्षरे घातली तर तो हरकत घेत नाही. इंग्रजी अक्षरांच्या 'लाइक' शोधात तो लहान-मोठ्या लिपीचा भेद मानत नाही, पोस्टग्रेस मानतो. जे प्रॉडक्शनला, तेच टेस्टला. हा खर्च करण्याजोगा खर्च आहे.

इथे वेगाचा मुद्दा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मायकेल फेदर्स यांनी २००४च्या आपल्या पुस्तकात दशांश सेकंद घेणारी युनिट टेस्ट संथ ठरवली. पाठोपाठ त्यांनी युनिट टेस्टचे नियम मांडले, त्यात डेटाबेसशी बोलणारी टेस्ट ही युनिट टेस्ट नव्हे असे म्हटले. हे वाक्य जगभर पाठ झाले. त्यांनी पुढे हेही लिहिले होते की अशा टेस्ट वाईट नसतात, त्या लिहिण्याजोग्या असतात, फक्त जलद टेस्टपासून वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. हा भाग मात्र गळून गेला. नियम पाठ करणाऱ्यांचे हे नेहमीचेच आहे.

शिवाय ज्या काळात हा नियम रुजला तो काळ आठवा. कंपनीत एक डेटाबेस सर्व्हर, त्यावर सगळे प्रोग्रॅमर, लायसन्स महाग, एकाने टेबल रिकामे केले की दुसऱ्याच्या टेस्ट कोसळल्या. त्या परिस्थितीत डेटाबेस टाळणे शहाणपणाचेच होते. आज प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कंटेनरमध्ये स्वतःचा पोस्टग्रेस काही सेकंदांत उभा राहतो. जँगोने २००९ साली, १.१ आवृत्तीत, प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी ती मागे फिरवण्याची पद्धत आणली, त्यामुळे दर वेळी टेबले धुऊन काढावी लागत नाहीत. टेस्ट समांतर चालवण्याची सोय जँगोमध्ये २०१५ला आणि रेल्समध्ये २०१९ला आली. या पद्धतीचेही तोटे आहेत. ट्रान्झॅक्शन कधीच कायम होत नसल्याने 'कमिट झाल्यावर हे कर' अशा सूचना जँगोच्या अशा टेस्टमध्ये आपोआप चालत नाहीत, त्यांना वेगळी सोय लागते. पण हे तोटे माहीत आहेत, लिहून ठेवलेले आहेत.

आणि टेस्ट संथ असतील तर आधी मोजून तरी बघा. बहुतेकदा वेळ खाणारा डेटाबेस नसतोच, टेस्टसाठी नमुन्याच्या ओळी बनवणारी फॅक्टरी असते. एक बिल हवे म्हणून फॅक्टरीला सांगितले की ती सभासद तयार करते, सभासदासाठी सदनिका, सदनिकेसाठी इमारत, इमारतीसाठी सोसायटी, सोसायटीसाठी पदाधिकारी. एका बिलापायी अख्खी वसाहत. त्याचा दोष डेटाबेसच्या माथी मारून मॉककडे पळणे म्हणजे दुखणे एक आणि औषध भलतेच.

तरीही जी गणिते डेटाबेसविना तपासता येतात ती तशीच तपासावीत. थकबाकीवरचे व्याज काढण्यासाठी रक्कम, दर आणि दोन तारखा पुरतात. ते गणित बिल मॉडेलच्या पोटात दडवून ठेवले आणि मॉडेलला स्पर्श केल्याशिवाय ते बाहेर येईना, म्हणूनच मॉक करावासा वाटला. ते बाहेर काढून साधे फंक्शन केले की मॉकही नको आणि डेटाबेसही नको. हजार टेस्ट डोळे मिटून उघडेपर्यंत होतात. गॅरी बर्नहार्ट यांनी २०१२ सालच्या 'बाउंडरीज' या भाषणात हीच दिशा दाखवली होती: आत निव्वळ हिशेब, बाहेर पातळ कवच, आणि दोघांमध्ये ये-जा साध्या मूल्यांची. मॉक राखून ठेवावा तो खरोखर परक्याच्या दारासाठी: पेमेंट गेटवे, एसएमएस, ईमेल. तिथे खरी हाक मारली तर पैसे कापले जातात किंवा कोणाचा तरी फोन वाजतो. आणि तिथेही त्या परक्या लायब्ररीवर आपला छोटासा पदर घालून तो पदर मॉक करावा.

रेल्सचे निर्माते डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनी २०१४ साली टीडीडी, म्हणजे आधी टेस्ट आणि मग कोड लिहिण्याची पद्धत, मेली असे जाहीर करून मोठी राळ उडवली. टेस्ट डेटाबेसपासून तोडण्यापायी रचनेचे नुकसान होते, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. त्यातून सगळ्या युनिट टेस्टना नाक मुरडणे मान्य नाही. त्यानंतर केंट बेक, फाउलर आणि हॅन्सन यांच्यात झालेल्या जाहीर चर्चेत बेक यांनी सांगितले की ते स्वतः जवळपास काहीच मॉक करत नाहीत. टीडीडीचे प्रणेतेच हे म्हणतात. दुसऱ्या टोकाला हॅरी पर्सिव्हल आणि बॉब ग्रेगरी यांचे २०२०चे पुस्तक आहे. त्यात मॉडेलला फ्रेमवर्कपासून सोडवून मधे रिपॉझिटरी नावाचा थर घालतात आणि टेस्टसाठी त्याचा स्मृतीत चालणारा खोटा अवतार लिहितात. ही वाट प्रामाणिक आहे. पण खोटा अवतार खऱ्यासारखाच वागतो याची वेगळी खातरजमा करावी लागते. विमा, मालवाहतूक अशा नियमांनी खचाखच भरलेल्या कामात ती मेहनत फळते. चार फॉर्म आणि दोन अहवालांच्या अ‍ॅप्लिकेशनला ती झेपत नाही.

राहता राहिले अपवाद. जतन करतानाच डेटाबेसचे कनेक्शन तुटले, दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांत अडकून डेडलॉक झाला, अशा वेळी आपला कोड काय करतो हे तपासायचे असेल तर खरा डेटाबेस हुकमी रुसत नाही. तिथे 'सेव्ह'वर मॉक बसवून एरर फेकावी, बिनदिक्कत. जुन्या प्रचंड कोडमध्ये, जिथे टेस्टसाठी डेटाबेस उभा करणेच अशक्य आहे, तिथे पहिले पाऊल म्हणून मॉक चालेल. मात्र त्या टेस्टवर तसे लिहून ठेवावे.

तुमच्या प्रकल्पात हे कितपत लागू आहे ते अर्ध्या दिवसात कळेल. एक वेगळी ब्रांच काढा. मॉडेलमधल्या एका नेहमीच्या रकान्याचे नाव बदला, बाकी कशाला हात लावू नका आणि सगळ्या टेस्ट चालवा. मग नाव पूर्ववत करून एका क्वेरीतले 'पेक्षा कमी' हे 'पेक्षा जास्त' करा आणि पुन्हा चालवा. ज्या टेस्ट त्या रकान्याच्या आणि त्या क्वेरीच्या नावाने लिहिलेल्या आहेत आणि तरी दोन्ही वेळा हिरव्या राहतात, त्या पुढच्या पुल रिक्वेस्टमध्ये काढून टाका आणि त्यांच्या जागी खऱ्या डेटाबेसवरची एक-एक टेस्ट लिहा.